वाद्यावरच्या मोझेइकचे तुकडे पुन्हा पुन्हा सुटतात? आधी पडलेल्या तुकड्याची पाठ बघा

जुन्या गिटारवर किंवा व्हायोलिनवर फुटक्या कपबश्या, आरशाचे तुकडे, सीडी, बांगड्यांच्या काचा लावून केलेलं मोझेइक सुरुवातीला अगदी घट्ट वाटतं. काही आठवड्यांनी खाली एखादा तुकडा पडलेला सापडतो. तो चिकटवावा तर थोड्या दिवसांनी शेजारचा सुटतो. ग्राऊटमध्ये, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायच्या सिमेंटच्या लेपात, केसाएवढी भेग दिसते, ती बुजवली की हवामान बदलताच नेमकी त्याच जागी पुन्हा उघडते. हे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास होतो आणि त्यावर हमखास एकच सल्ला मिळतो: आणखी जबरदस्त गोंद वापरा. बहुतेक वेळा तो सल्ला चुकीचा असतो. कडक गोंदाने दुखणं मिटत नाही, ते फक्त दुसऱ्या थरात सरकतं.

मोझेइकची परंपरा भिंती, जमिनी आणि दगडी बांधकामावर वाढली. बार्सिलोनामधल्या पार्क ग्युएलमध्ये (बांधकाम १९०० ते १९१४) वास्तुकार आंतोनी गौदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटक्या फरशा लावल्या त्या पक्क्या बांधकामावर. तिथला पाया हलत नाही. वाद्याचं नेमकं उलट आहे. गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि ती मुद्दाम हलावी म्हणूनच इतकी पातळ केलेली असते. अशा हलत्या, पोकळ, पॉलिश केलेल्या अंगावर आपण ताठ चिनीमाती आणि ठिसूळ सिमेंटचा ग्राऊट बसवतो. तेव्हा सगळ्या दुरुस्तीचा रोख एकाच गोष्टीवर हवा: वाद्याची हालचाल कमी करायची, आणि जी उरेल ती सहन करणारा थर मध्ये ठेवायचा.

पाठ काय सांगते

पडलेला तुकडा लगेच पुसून परत चिकटवू नका. उजेडात धरून त्याची मागची बाजू बघा आणि तो जिथून निघाला ती जागाही बघा. या दोन जागा शेजारीशेजारी पाहिल्या की निम्मं निदान झालंच.

तुकड्याची पाठ स्वच्छ, गुळगुळीत आणि गोंद सगळा वाद्यावर राहिलेला असेल, तर गोंदाने तुकड्याला धरलेलंच नाही. पाठीवर ग्लेझ (चिनीमातीवरचा काचेसारखा चकचकीत थर) आहे, किंवा धूळ-तेल होतं, किंवा तुकडा ठेवेपर्यंत गोंदावर साय धरली होती. साय धरलेल्या गोंदाची खूण सोपी आहे: वाद्यावरच्या गोंदावर तुकड्याचा नीट ठसा उमटलेला नसतो, वरचा भाग चकचकीत आणि बंद दिसतो.

गोंद तुकड्यासोबत आला असेल आणि त्या गोंदाच्या खालच्या अंगाला पारदर्शक किंवा पिवळसर पापुद्रा दिसत असेल, तर तो वाद्याच्या वॉर्निशचा पापुद्रा आहे. गोंदाने आपलं काम चोख केलं, वॉर्निशने लाकूड सोडलं. नखाने तो पापुद्रा खरवडून पाहा. सोलून निघाला की शंका उरत नाही. वाद्यांवरच्या मोझेइकमध्ये हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे.

तुकड्याच्या पाठीला लाकडाचे रेषे चिकटून आलेत? मग गोंद लाकडापेक्षा बळकट होता आणि लाकूड फाटलं. इथे अजून कडक गोंद लावणं म्हणजे पुढच्या वेळी अजून मोठा टवका काढणं. एक तर लाकूड आतून खराब झालंय, नाहीतर ते फार हलतंय.

आणि गोंद दोन्हीकडे थोडाथोडा, पांढरट, मऊ, बोटाने दाबला की दबणारा असेल, तर तो वाळलाच नाही. पाण्यातला पांढरा गोंद ग्लेझ केलेली टाइल आणि वॉर्निश केलेली फळी यांच्यामध्ये अडकला की त्यातलं पाणी जाणार कुठे? दोन्ही बाजू पाणी शोषत नाहीत. कडेने तो वाळतो, मधोमध कित्येक आठवडे ओला राहतो. नंतर ग्राऊटचं पाणी लागलं की उरलीसुरली पकडही जाते.

पडलेल्या तुकड्याबरोबर न पडलेल्यांचीही चाचणी करा. लाकडी चमच्याच्या दांड्याने एकेक तुकडा हलकेच वाजवायचा. घट्ट बसलेला तुकडा ठोस, बारीक ‘टक’ करतो. सुटलेल्याचा आवाज पसरट आणि पोकळ येतो. वाद्य स्वतःच पोकळ असल्याने सुरुवातीला गोंधळ होतो, म्हणून ब्रिजच्या (फळीवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या) आसपास किंवा कडेला, जिथे खाली आधार आहे, तिथून सुरुवात करा आणि कान बसला की मध्यभागाकडे या. सुटलेल्या तुकड्यांवर खडूने खूण करा. खुणा एका पट्ट्यात आल्या तर कारण त्या पट्ट्याखाली आहे. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर गोंद किंवा पृष्ठभागाची तयारी चुकली आहे.

भेग कुठल्या दिशेने जाते

पुढच्या फळीवर मानेपासून तळाकडे उभी जाणारी भेग म्हणजे लाकडाचं फुगणं-आकसणं. लाकूड रेष्यांच्या दिशेने जवळपास हलत नाही, आडवं मात्र चांगलंच हलतं. स्प्रूसच्या अखंड लाकडाची ४० सेंटिमीटर रुंद फळी घेतली आणि तिच्यातली ओल ४ टक्क्यांनी बदलली, तर ती आडवी सुमारे २ मिलिमीटर कमी-जास्त होते. दोन मिलिमीटर म्हणजे ग्राऊटच्या एका अख्ख्या फटीइतकं अंतर. ताठ ग्राऊटला ते झेपणं शक्यच नाही. अशी भेग बहुतेक वेळा फळीच्या मधल्या जोडावर किंवा त्याला समांतर येते.

तुमची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे ध्वनिछिद्राच्या कडेवर दिसतं. वरच्या पृष्ठभागावरचे रेषे कडेवरून तसेच खाली उतरलेले दिसले तर अखंड लाकूड. कडेवर सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. प्लाय खूप कमी हलतं. त्यामुळे वाजवायला सामान्य मानलेली प्लायची गिटार मोझेइकसाठी चांगली असते, आणि अखंड लाकडाची मोझेइकसाठी अवघड. शिवाय अखंड लाकडाचं वाद्य दुरुस्त होण्यासारखं असेल तर त्यावर एक थेंब गोंद टाकण्याआधी वाद्य बनवणाऱ्या कारागिराला दाखवा. जे वाजू शकतं त्याला वाजू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मान तुटलेली, फळी खचलेली, जोड गेलेली वाद्यंच या कामासाठी घ्यावीत, आणि तशी भरपूर मिळतात.

मान आणि धड जिथे जोडलेलं असतं तिथे आडवी भेग आली, किंवा ब्रिजच्या मागे तुकडे उचकटले, तर तारा बघा. दिसायला छान म्हणून पुष्कळ जण तारा ताणून ठेवतात. स्टीलच्या सहा तारांची मिळून ओढ साधारण ७० ते ८० किलोच्या घरात असते, नायलॉनच्या तारांची त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही ओढ रोज ब्रिजला वर आणि मानेला पुढे खेचते. तारा हव्याच असतील तर फक्त सरळ दिसतील इतक्याच खुंट्या पिळा, सूर लावू नका. गिटारच्या मानेत लोखंडी ट्रस रॉड असेल तर तारा काढल्यावर तोही सैल करा. तो तारांच्या ओढीला तोल द्यायला बसवलेला असतो. तारा गेल्या की एकटाच मानेला मागे वाकवत राहतो. तारा उतरवल्यापासून मान स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून तारा उतरवलेलं वाद्य ज्या खोलीत टांगायचं तिथेच दोन-तीन आठवडे पडू द्या. उतावीळपणे त्याच दिवशी तुकडे लावले की पहिली भेग ठरलेलीच.

भेग कडांच्या शिवणीवर आली, म्हणजे फळी बाजूच्या पट्टीपासूनच सुटतेय, तर आणखी एक कारण तपासा. व्हायोलिन आणि बऱ्याच जुन्या वाद्यांचे जोड प्राणिज सरसाने चिकटवलेले असतात. तो ओल आणि उष्णतेने मऊ पडतो. ग्राऊट पुसायचा ओला स्पंज त्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा फिरला की वाद्याचे स्वतःचे जोडच उकलतात आणि दोष मोझेइकवर येतो. अशा वाद्यावर स्पंज पिळून जवळजवळ कोरडा करून घ्या, आणि शिवणी आधीच वॉर्निशने किंवा एपॉक्सीच्या (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाच्या) पातळ हाताने बंद करा.

पृष्ठभागाची तयारी

इथे घाई करू नका. वाद्यावरच्या मोझेइकचं आयुष्य इथेच ठरतं. वॉर्निशची चमक पूर्ण जाईपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. नुसते ओरखडे काढून उपयोग नाही. वॉर्निश पोपडे धरत असेल तर ते मुळापासून काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे रंगवलेलं जुनं वाद्य कोरडं घासू नका. ओल्या पेपरने बेताने घासा, चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. मग धूळ झटकून स्पिरिटने पुसा. वर्षानुवर्षांचा हाताचा घाम आणि पॉलिशचं मेण लाकडात मुरलेलं असतं, ते फक्त फडक्याने जात नाही.

यानंतर लाकूड बंद करायचं, म्हणजे त्यात हवेतली ओल भराभर आत-बाहेर होऊ नये. पाण्याने पातळ केलेला गोंद त्यासाठी सुचवला जातो. मी तो टाळते, कारण ग्राऊटच्या पाण्याने तोच पुन्हा मऊ होतो. पातळ एपॉक्सीचा हात किंवा सॉल्व्हंटमधलं वॉर्निश द्या आणि वाळल्यावर पुन्हा हलकं घासा. महत्त्वाचं म्हणजे आतूनही द्या. फक्त बाहेरची बाजू बंद केली तर आतली बाजू ओल घेत राहते आणि फळी वाकते. ध्वनिछिद्रातून लांब दांड्याच्या ब्रशने आतली बाजू बरीचशी गाठता येते. व्हायोलिनच्या फटी अरुंद असतात, तिथे वायरला स्पंज बांधून जमेल तेवढं करा.

अखंड लाकडाच्या फळीसाठी आणखी एक उपाय आहे आणि तो खरोखर काम करतो. फायबरग्लासची बारीक जाळी लवचिक गोंदाच्या पातळ थरात फळीवर पसरून बसवा, पूर्ण वाळू द्या आणि तुकडे त्या जाळीवर लावा. फळी खाली थोडी सरकली तरी ओढ एका रेषेत न साठता पसरते. याहून निर्धास्त व्हायचं असेल तर पातळ प्लायवर वाद्याच्या आकाराचं मोझेइक वेगळं करून ते काही ठिपक्यांवर लवचिक गोंदाने फळीवर बसवता येतं. कडा झाकणं मात्र कौशल्याचं काम आहे.

गोंद आणि तुकडे

लाकडावर ताठ गोंदापेक्षा किंचित लवचिक राहणारा गोंद हवा. एमएस पॉलिमर जातीचे गोंद यासाठी उत्तम: वाळल्यावर रबरासारखे थोडे दबतात, ग्लेझला आणि काचेला धरतात. फक्त थर पातळ ठेवा, तुकडा दाबल्यावर गोंद फटीतून वर आला तर ग्राऊटला जागा राहत नाही. दोन भागांचं एपॉक्सी धातूवर आणि प्लायवर चांगलं. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या एपॉक्सीपेक्षा सावकाश घट्ट होणारं जास्त टिकतं. हॉट ग्लू तापमान वाढलं की ढिला होतो. सुपर ग्लू ठिसूळ असतो, धक्क्याला तुटतो. आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन आरशाच्या मागचा मुलामा आणि पितळ दोन्ही खातं. सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

कपबशीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी ग्लेझ असतो. पाठ हिऱ्याच्या कानशीने किंवा खरखरीत पेपरने, पाणी लावून, खडबडीत करा. कोरडं घासलं की जी बारीक पूड उडते ती फुप्फुसाला घातक असते. बशीच्या तळाची गोल कड तुकड्यात आली असेल तर तो डगमगतो आणि टेकतो दोनच ठिकाणी. असे तुकडे बाजूला काढा किंवा आणखी लहान करा. गिटारच्या कमरेचा खळगा, व्हायोलिनची फुगीर पाठ, तंबोऱ्याचा भोपळा, अशा वळणाऱ्या भागावर तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. मोठा सपाट तुकडा फुगीर वळणावर मधोमधच टेकतो, कडा हवेत राहतात (खळग्यात उलट, फक्त कडा टेकतात) आणि एखादी टिचकी लागली तरी निघतो. तुमच्या खडूच्या खुणा वळणांवर गोळा झाल्या असतील तर कारण हेच.

सीडीचं दुखणं वेगळं आहे. सीडी १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकची असते आणि चकचकीत धातूचा थर छापील बाजूला, लॅकरच्या अगदी पातळ आवरणाखाली असतो. आपण चमक वर ठेवतो, म्हणजे छापील बाजू गोंदाला लागते, आणि तुकडा सुटतो तेव्हा धातूचा पापुद्रा वाद्यावर राहून हातात कोरं पारदर्शक प्लॅस्टिक येतं. गोंद बदलून याला इलाज नाही. डीव्हीडी वापरा. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये धातू बंद असतो, त्यामुळे मागची बाजू पेपरने घासता येते आणि पकड चांगली बसते. कापताना दोन चकत्या कडेला उकलू नयेत म्हणून डिस्क आधी गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मग कात्रीने कापा.

आरशाच्या कडांवर काळे डाग सरकत आत येत असतील तर ग्राऊटचं क्षारीय पाणी मुलाम्याखाली शिरतंय. डाग पडल्यावर इलाज नाही, तुकडा बदलावा लागतो. नव्या तुकड्यांच्या पाठीला आणि कडांना लावण्यापूर्वी पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. वेळखाऊ आहे, पण आरसा वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो.

पितळी वाद्यांवर लाकडाचं फुगणं नाही, पण बाकी सगळं आहे. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनवर बहुधा लॅकरचा थर असतो आणि तुकडे त्याच्यासकट सोलून निघतात. लॅकर काढा, १२० नंबरच्या पेपरने धातू खडबडीत करा, स्पिरिटने पुसा आणि त्याच दिवशी एपॉक्सीने तुकडे लावा. उघडं पितळ पुन्हा काळवंडायला लागतं. ढोल-ड्रमच्या कातड्यावर मोझेइक करू नका, फक्त खोडावर करा. कातडं हवेबरोबर ताणतं-सैलावतं, त्यावर काहीच टिकत नाही.

ग्राऊट

तीन मिलिमीटरपर्यंतच्या फटीसाठी वाळू नसलेला ग्राऊट, त्याहून मोठ्यांसाठी वाळूचा. काच आणि आरशावर वाळूचा ग्राऊट ओरखडे पाडतो. पाण्याऐवजी ग्राऊटसाठी मिळणारं लेटेक्स किंवा पॉलिमरचं द्रव घालून कालवा, त्याने थोडी लवचिकता येते. बोटाने पूड निघत असेल तर पाणी जास्त झालं होतं, किंवा बंद न केलेल्या लाकडाने ते भराभर शोषलं. मानेचा जोड, ब्रिजचा काठ आणि बाजूच्या शिवणी यांवर सिमेंटचा ग्राऊट भरूच नका. तिथे ग्राऊटच्याच रंगाचं, रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट भरा. लांबून फरक कळत नाही आणि भेग पडायची जागाच उरत नाही. उरलेला ग्राऊट किंवा त्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, नळीत ते दगड होऊन बसतं.

फटी भरल्याच पाहिजेत असंही नाही. बांगड्यांच्या काचा, बटणं, शिंपले जवळजवळ लावून मोकळ्या फटी ठेवलेलं, खालची फळी आधीच गडद रंगवलेलं काम फार देखणं दिसतं आणि त्यात भेगांचा प्रश्नच नसतो. फक्त धूळ पुसायला मऊ ब्रश लागतो.

आधीच केलेलं काम वाचवायचं असेल तर

खडूच्या खुणा एकतृतीयांशापेक्षा कमी असतील तर जागच्या जागी दुरुस्ती जमते. चष्मा लावा. सुटलेल्या तुकड्याभोवतीचा ग्राऊट टोकदार हत्याराने कोरून काढा, तुकड्याखाली पातळ पाती सरकवून तो उचला. उचलताना बळ लागलं तर तो सुटलेला नाही, सोडून द्या. फळीवरचा जुना गोंद आणि पापुद्रा खरवडून लाकडापर्यंत या, दोन्ही बाजू घासा, पुसा, लवचिक गोंदाने बसवा आणि वर मास्किंग टेप लावून २४ तास हात लावू नका. कोरलेली फट लवचिक ग्राऊटने भरा. खुणा याहून जास्त असतील आणि पाठीवर वॉर्निशचा पापुद्रा असेल, तर सगळं उतरवणंच शहाणपणाचं. उरलेलेही आज ना उद्या त्याच मार्गाने जाणार. उतरवण्याआधी वरून फोटो काढा आणि तुकडे त्याच क्रमाने कागदावर मांडा, म्हणजे नक्षी हरवत नाही.

टांगण्याकडेही लक्ष द्या. चार मिलिमीटर जाडीची टाइल गिटारच्या नुसत्या पुढच्या बाजूवर एक किलोहून जास्त वजन वाढवते, बाजू आणि पाठ धरली तर मूळ गिटारपेक्षा मोझेइक जड होतं. एवढं ओझं डोक्याच्या खुंट्यांवर लटकवलं की सगळा ताण मानेच्या जोडावर येतो, आणि भेग तिथेच येते. मागच्या बाजूला आतल्या आडव्या पट्टीत स्क्रू बसवून धडावरून टांगा, किंवा खालून तळाला आधार देणारा स्टँड वापरा. थेट ऊन येणारी खिडकी आणि न्हाणीघराची भिंत टाळा.